धुराच्या कपड्यांची टोपली

लॉन्ड्रीत आलेल्या ज्या कपड्यांना सिगरेटचा वास असतो, ते वेगळ्या टोपलीत टाकावे लागतात. बाकीच्यांबरोबर मशीनमध्ये गेले तर सगळी खेप वास मारते आणि गिऱ्हाईक आमच्या डोक्यावर बसतं. म्हणून प्रत्येक कॉलर नाकाशी धरायची, खिसे उलटे करायचे, मग चिठ्ठी टाचायची. हे काम करणारी बाई पंधरवड्यापूर्वी सोडून गेली. मी मागच्या खोलीत चादरींना इस्त्री करत होते, मालकिणीने मला उचलून काउंटरमागच्या टेबलावर बसवलं. घरी हे मी सांगितलं नाही. नवऱ्याने माझ्या कामाबद्दल शेवटचं कधी विचारलं होतं, तेच मला आठवत नव्हतं.

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी दिवस राहिले होते, ते मूल तिसऱ्या महिन्यात गेलं. त्या दिवसांत नवरा पलंगाच्या कडेला बसून सिगरेट ओढायचा आणि वर म्हणायचा, "खिडकी उघडी आहे ना?" डॉक्टरीणबाईंनी नंतर दोघांना समोर बसवून सांगितलं, "धुरामुळेच गेलं असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण पोटुशी बाईच्या आसपास धूर नकोच. त्याचा त्रास बाळापर्यंत पोचतो." नवऱ्याने यातलं फक्त पहिलं वाक्य ऐकलं. सासूबाईंचं तर आधीच ठरलं होतं, की मी जिना फार चढते म्हणून झालं.

त्यानंतर काहीच नाही. तपासण्या माझ्या, सुया मला, गोळ्या मला. नवऱ्याला एकदा तपासून घे म्हटलं की त्याचा अपमान व्हायचा. अखेर या वर्षी कसाबसा तयार झाला, तर शुक्रजंतू कमी आणि होते तेही सुस्त. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. नवे तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात, तेवढे दिवस एकही सिगरेट नको, मग पुन्हा तपासू. मी अडतीसची. असे तीन-तीन महिने घालवायला माझ्याकडे फार उरलेले नाहीत, हेही त्यांनी आमच्या तोंडावर सांगितलं.

आणि नवऱ्याने सोडली. काय कौतुक झालं त्याचं! सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, "लेकरासाठी मन मारलंय हो माझ्या पोराने." मीही हुरळले. संध्याकाळी तो साबणाचा वास घेऊन यायचा, कामाला होता त्या छापखान्यातच आंघोळ करून येतो म्हणायचा. मी त्याची मान हुंगायचे आणि मला खरंच रडू यायचं, इतकं बरं वाटायचं.

नव्या टेबलावरच्या पहिल्याच आठवड्यात लंबूच्या नावाची पिशवी माझ्यासमोर आली. लंबू म्हणजे नवऱ्याचा छापखान्यातला जिगरी. पिशवीत एकच निळा शर्ट, आणि कामगारांच्या घरच्यांना निम्मा दर लावायची माझ्याच कामगार-नंबरची चिठ्ठी. कॉलर नाकाशी धरली तर ठसका लागला. शर्ट धुराच्या टोपलीत टाकणार, एवढ्यात दुसऱ्या गुंडीवर नजर गेली. ती तपकिरी दोऱ्याने लावलेली होती. घरात निळा दोरा संपला होता म्हणून मीच लावली होती. हा शर्ट कुठेतरी हरवला, असं नवऱ्याने मला तीन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं.

मी लंबूच्या जुन्या पावत्या काढल्या. अकरा आठवडे, दर आठवड्याला एक निळा शर्ट, धुराची टोपली. म्हणजे कामावर हा चढवायचा, दिवसभर ओढायचं, सुटताना अंग घासून दुसरा घालायचा. आणि धुवायला कुठे द्यावा? तर बायको राबते तिथेच, कारण तिथे निम्म्यात होतं! ती बिचारी मागे चादरी दाबत बसलीये, तिला काय कळणार.

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी बोलले नाही. आठवड्याने डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं, तोवर तो स्वतःहून कबूल करील अशी मला वेडी आशा होती. केलं असतं तर मी माफही केलं असतं. एकदा मुद्दाम विचारलं, "छापखान्यात सगळे ओढतात का रे अजून?"

"ओढतात ना," तो साळसूदपणे म्हणाला. "मी आपला लांब बसतो."

आठव्या दिवशी बाईंनी त्याचा नवा रिपोर्ट उघडला. "काहीच फरक नाही. पूर्ण सोडली होतीत ना?"

"शंभर टक्के."

"मग दोष धुराचा नसावा. वय बघता आता थांबण्यात अर्थ नाही, यांच्याकडूनही काही अडतंय का ते बघून घेऊ. यांना भूल देऊन पोटात दुर्बीण घालू, गर्भनळ्या बघू. दोन-तीन छोटे छेद घ्यावे लागतील."

मी नवऱ्याकडे पाहिलं. माझ्या पोटावर सुरी चालायची वेळ आली होती. तोंड उघडायला याहून मोठं निमित्त काय हवं?

त्याने तोंड उघडलं. "तुम्ही म्हणाल तसं, बाई. हिला कधी दाखल करू?" आणि संमतीच्या कागदावर नातेवाइकाच्या जागी सही ठोकली.

"हा रोज ओढतो," मी म्हणाले. "अकरा आठवडे याचा धुराचा शर्ट आमच्या लॉन्ड्रीत धुतला जातोय. आठ दिवसांपूर्वी तो माझ्याच हातात आला."

तो लालबुंद झाला. मला वाटलं, आता मान खाली घालील. तो माझ्यावरच फिरला. "आठ दिवस माहीत होतं तुला? मग तोंड शिवून का बसलीस? वय काय तुझं, वेळ किती राहिलाय, काही अक्कल आहे का?"

मला मूल हवं होतं. त्या क्षणीही हवं होतं. "बाई, तो कागद फाडा," मी म्हणाले. "मूल मला हवंय. पण याचं नको."