जुना फॉन्ट

जावयाने हौसेने सासऱ्यांच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम चढवली. आता केलेला चहा निवला तरी कॉम्प्युटर सुरू होत नसे, आणि सासऱ्यांची पत्रं उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसत.

“जुना फॉन्ट गेला, आई. याला ना शेंडा ना बुडखा,” जावई सासूबाईंना म्हणाला.

सासूबाई जन्मभर टायपिस्ट होत्या. कुठल्या इंग्रजी अक्षरामागे कुठलं मराठी, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. घर विकून लेकीकडे आल्यापासून तीन वर्षं टाळलेलं नवऱ्याचं शेवटचं पत्र त्यांनी एकेक कळ चाचपत वाचलं. ते लेकीला लिहिलेलं होतं, पाठवायचं राहिलेलं.

‘माझ्यामागे आईला तिच्या घरातून हलवू नकोस.’

“काही कळतंय का गं, आई?” लेकीने दारातून विचारलं.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “ना शेंडा ना बुडखा.”