फ्रेम आपली, काचा त्यांच्या

फ्रेम रविवारच्या जुन्या बाजारात घ्यायची आणि काचा तेवढ्या दुकानातून बसवायच्या, यात इसाउरोचे चांगले चारशे पेसो वाचत होते. शिवाय चष्मेवाल्यांनी आपल्याला गंडवलं नाही, हे समाधान वरकड.

मेक्सिको शहरातल्या एका चौकात, कमानींखाली टाइपरायटर मांडून तो लोकांचे अर्ज टंकून देई. त्याच कमानींखाली डॉक्टरकीची पदवी जेवणाच्या सुट्टीत छापून मिळे; त्यामुळे जगात काही अस्सल असतं यावर त्याचा विश्वास बेताचाच. पण नजर अधू झाल्यापासून अर्जांत चुका वाढल्या, गिऱ्हाइकं शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याकडे वळली. आता चष्मा नाही तर धंदाही नाही.

फ्रेम सोन्याचं पाणी दिलेली. काचा बसवायला ती रात्रभर दुकानात ठेवणं भाग होतं. म्हणून आधी शिक्के कोरणाऱ्या मित्राकडून त्याने दांडीच्या आतून, बोटालाही लागणार नाही अशी बारीक फुली कोरून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुकानदारीण ओबदूलियाने चष्मा पुढे केला. "घाला मास्तर, बघा कसं दिसतंय."

"आधी फ्रेम बघू दे." त्याने ती डोळ्यांशी नेली, लांब धरली, उजेडात फिरवली. फुली दिसेना. "माझी खूण होती यावर. बदलली असेल तर आत्ताच सांगा, बाई."

बाकावरच्या दोघा गिऱ्हाइकांनी माना वर केल्या.

"अहो, चष्म्याशिवाय खूण दिसणार कशी?"

"आणि डोळ्यांवर चढवल्यावर दांडी आतून दिसणार कशी? छान सोय आहे तुमची!"

"आणा, मी बघून सांगते."

"तुम्हीच बघणार, तुम्हीच सांगणार. मी काय दूधखुळा?"

"मग या मंडळींना दाखवा."

"ती तुमचीच कशावरून नसतील?"

 ओबदूलियाने स्वतःचा चष्मा काढला, पुसला आणि त्याच्यापुढे धरला. "घ्या. माझा नंबर मोठा आहे, पण खूण दिसेल. तुमच्याच डोळ्यांनी बघा."

फुली होती. जागच्या जागी.

"आहे," तो पुटपुटला.

"पैसे तिथे ठेवा, मास्तर."

त्याने पैसे ठेवले, शेजारी तिचा चष्मा ठेवला आणि आपला चढवला. कित्येक महिन्यांत स्वच्छ दिसलेला पहिला चेहरा तिचा: नाकावर दोन लाल वळ, नजर त्याच्या खांद्यापलीकडे कुठेतरी, हात काउंटरवर चाचपडणारा. त्याने तिचा चष्मा हळूच तिच्या बोटांकडे सरकवला. तिने हात मागे घेतला.

काचांचे पैसे इसाउरोने चोख दिले होते. त्याच्या संशयाचे मात्र ओबदूलियाने भरले, चार माणसांत, उघड्या डोळ्यांनी. आणि तो दाराबाहेर पडेपर्यंत तिने चष्म्याला हात लावला नाही.