हाक मारल्याशिवाय जेवायचं नाही

आमच्या पिनांगात कुणी कुणाला कसं काय म्हणून विचारत नाही, भाजीवाल्यापासून बँकेतल्या बाईपर्यंत जो तो "जेवलीस का?" असं विचारतो आणि उत्तराची वाटही न बघता पुढे जातो. असल्या बेटावर जिला अन्नाचीच भीती बसली तिने जायचं कुठे? मी बाजारामागच्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर जात होते, रोज सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी परतायचं, शाळेत जावं तसं. आम्ही मोजक्याच बायका तिथे होतो, कुणाला घास उतरत नव्हता, कुणाला उतरलेला सहन होत नव्हता. या शाळेत विषय एकच, जेवण, आणि त्यात सगळ्याच नापास.

गेल्या गेल्या काट्यावर पाठमोरं उभं राहायचं, म्हणजे आकडा आपल्याला दिसत नाही, फक्त नर्सला दिसतो. नर्स म्हणजे रोहाया. वयाने माझ्याहून लहान, पण मलय बाईला आम्ही काक म्हणतो, ताई म्हणावं तसं, म्हणून सगळ्यांची ती काक. मग नाश्ता, मग गोल करून बसून बोलणं, मग थोडं विणकाम आणि मग दुपारचं जेवण. घास लपवता येऊ नये म्हणून बाह्या कोपरापर्यंत वर, रुमाल दाराशी टोपलीत, आणि जेवल्यावर बराच वेळ जागचं उठायचं नाही. काक डोळ्यांत तेल घालून बघत असायची आणि बघता बघता आमच्याबरोबर जेवायचीही.

आमच्या चिनी घरांतली मुलं मोठ्यांना नाव घेऊन बोलावल्याशिवाय वाटीला हात लावत नाहीत. "आ-मा, जेवा. पप्पा, जेवा." आ-मा म्हणजे आजी. काकने ही रीत उचलली आणि आमच्या टेबलाला लावली. प्रत्येकीने डाव्या हाताला बसलेलीचं नाव घेऊन तिला जेव म्हणायचं, आणि हाक आल्याशिवाय घास घ्यायचा नाही. मला आधी हा पोरखेळ वाटला होता, पण खरं सांगते, ही युक्ती चालायची. डोक्यात जे कुणी सतत नको नको म्हणत असतं, त्याच्यापेक्षा शेजारणीचा आवाज मोठा ठरायचा.

थिलगा ई वेनला बोलवायची, ई वेन मला, मी काकला. थिलगा तमिळ शाळेत शिकवायची, त्यामुळे तिची हाक हजेरी घेतल्यासारखी खणखणीत. ई वेन ताइपिंग गावची, कॉलेजातली पोर, तिचा आवाज बारा महिने सर्दी झाल्यासारखा. "गैक जिए, जेव," असं म्हणायची आणि जिए, म्हणजे ताई, हा शब्द अर्धवट गिळून टाकायची. शब्दसुद्धा पोटभर खात नाही बघा ही, असं मी तिला चिडवायचे. एकदा ती हसलीही होती.

मी तिथे का टिकले ते सांगते. माझी मुलगी यान, सहा वर्षांची, माझ्या सासूकडे खाडीपलीकडे होती. माझ्या नवऱ्याने, बून हेंगने, एका संध्याकाळी शांतपणे सांगून टाकलं होतं की तुला बघून पोरगी भात बाजूला सारायला लागली आहे. तुझं वजन ठरल्याइतकं झालं आणि काकने बरी आहेस म्हटलं, की त्या दिवशी तिला घरी आणतो. तो वाईट माणूस नाही, पण बोलला तसं करणारा आहे. म्हणून मी खात होते. प्रत्येक घासाला यानचं नाव होतं, आणि काट्यावरून उतरताना काकच्या तोंडाकडे बघितलं की कळायचं, पोर थोडी जवळ आली आहे.

मग ई वेन गेली. तिची आजी येऊन तिला ताइपिंगला घेऊन गेली, बरी व्हायच्या आधीच. काकला ते आवडलं नव्हतं, तिने खुर्ची तशीच ठेवली, कदाचित परत येईल म्हणाली. आता थिलगाने मला थेट बोलवायचं, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी वाफवलेला मासा होता, आल्याच्या काड्या घातलेला. मी बाह्या वर करून बसले होते, हाक आली, मी चमचा उचलला आणि जेवायला लागले. अर्धी वाटी संपली तेव्हा थिलगा माझ्याकडे बघत असलेली दिसली.

"आज फार घाई झाली का बाई तुला?" ती म्हणाली.

"घाई कसली? तू बोलावलंस की."

"मी अजून तोंड उघडलेलं नाही गैक. सवयीने तिचंच नाव तोंडात आलं, म्हणून थांबले होते."

मी हसण्यावारी नेलं. पण हाक मला आली होती, आणि ती हजेरीची हाक नव्हती. त्यातला जिए अर्धवट गिळलेला होता.

त्या दिवसापासून रोज. थिलगाच्या आधी ती हाक यायची, उजव्या कानाशी, रिकाम्या खुर्चीच्या उंचीवरून, आणि मी जेवायचे. जेवणाला चव नसायची. आमच्याकडे पितरांपुढे ठेवलेलं अन्न नंतर घरचे खातात, त्याला चव राहत नाही असं म्हातारी माणसं सांगतात, तसलं काहीतरी. मासा तोंडात मऊ लागायचा, भात गरम लागायचा, त्यापुढे काही नाही. तरी मी वाटी पुसून खाल्ली, कारण मला चवीशी काय करायचं होतं, मला पोर हवी होती.

आणि काट्यावर काकचं तोंड उतरायला लागलं.

आधी तिने माझ्या बाह्या स्वतः वर केल्या. मग खिसे बघितले, मग माझी खुर्ची आपल्या आणखी जवळ ओढली, आणि एका सकाळी मला खिडकीशी नेऊन हळूच विचारलं, "गैक, जातं कुठे हे सगळं? मला सांग, मी रागावणार नाही."

"पोटात जातं. तू शेजारी बसून बघतेस की."

"मी बघते, म्हणूनच विचारते."

मला असा संताप आला म्हणता. आयुष्यात पहिल्यांदा सरळ वागत होते आणि पहिल्यांदाच चोर ठरत होते. काकचे ओले झालेले डोळे बघून तर अंगाचा तिळपापड झाला, कारण दया आली की माणसाचं ऐकून घेणं संपतं.

माझा स्वभाव मुळात संशयी. नवरा म्हणतो, तुला पाणी दिलं तरी त्यात माशी शोधशील. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं नक्की होतं, मग मी एकेकीला धरलं. थिलगा आवाज बदलून गंमत करत असेल म्हणून दोन दिवस तिच्या ओठांवरून नजर काढली नाही. हाक आली तेव्हा ती पाणी पीत होती. काकने काटा बिघडवला असेल म्हणून घरी येताना औषधांच्या दुकानातल्या काट्यावर डोळे उघडे ठेवून उभी राहिले, जे मला मना होतं. काक खोटं बोलत नव्हती, वजन खरंच उतरलं होतं. माझी सासू कुणाला हाताशी धरून हे करवते आहे, असंही वाटून गेलं. तिला बिचारीला माझ्या नावाने शिव्या घालण्यापलीकडे काही जमत नाही, पण संशयाला काय, जागा दिसली की बसतो.

एवढ्यात कुटुंबाचं जेवण ठरलं. अधूनमधून तिथे घरच्यांना जेवायला बोलवत, त्यांच्याबरोबर आपण कसं खातो ते काक बघायची, आणि सगळं ठीक वाटलं तर सोडण्याची गोष्ट निघायची. बून हेंग यानला घेऊन येणार होता. काक मला स्पष्टच म्हणाली, "काट्याचं काय ते मी डॉक्टरांशी बोलेन. पण माझ्यासमोर, लेकीबरोबर, एकदा नीट जेवून दाखव. मग लेकीला घरी आणायला मी अडवणार नाही."

आदल्या दिवशी बाहेर पडल्या पडल्या मी जिन्यातूनच ई वेनला फोन लावला. तिने लगेच उचलला. आवाज मोकळा होता, सर्दी कुठल्या कुठे.

"गैक जिए, कशी आहेस? जेवलीस का?"

मी म्हटलं, "माझं राहू दे. तू खातेस का काही?"

"नाही," ती सहज म्हणाली. "पण आजीला सांगू नकोस, ती खूश आहे. माझे गाल भरलेत, जुने कपडे होत नाहीत."

"न खाता?"

"दुपारी आजी वाटी ठेवते ना, तेव्हा सवय आहे म्हणून मी तुझं नाव घेते. डावीकडे भिंत आहे नुसती. गैक जिए, जेव म्हणते आणि बसून राहते. थोड्या वेळात पोट भरतं. चवसुद्धा येते तोंडाला. काल मासा होता का तिथे?"

काल मासा होता.

मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी एवढंच म्हटलं की माझी पोर यायची आहे, तुझ्या पाया पडते, माझं नाव घेऊ नकोस. पलीकडून "बरं" असा एक शब्द आला, लहान मुलाच्या हातातून बशी काढून घ्यावी तेव्हा येतो तसा. तिचं पुढे काय होईल याचा विचार मी केला नाही. करायला हवा होता, पण केला नाही.

दुसऱ्या दिवशी यान आली, वेणीला नवी लाल फीत. मला मिठी मारायच्या आधी तिने बापाकडे बघितलं, ते मला फार लागलं. ती थेट ई वेनच्या खुर्चीवर चढून बसली, आणि तिच्या पलीकडे बून हेंग बसला. मी काकला म्हटलं, हिला दुसरीकडे बसवू या का? काक म्हणाली, आईशेजारीच बसू दे. मी ठरवलं होतं की आज कुणाचंही नाव तोंडातून काढायचं नाही, मग काकला काय वाटायचं ते वाटो.

सोयाच्या रश्श्यात शिजवलेली कोंबडी आणि अंडी होती, यानच्या अगदी आवडीची. थिलगाची आई आली होती, ती एकसारखी बोलत होती, त्यामुळे थिलगाचं बोलावणं राहूनच गेलं. टेबलावर हळूहळू सगळे जेवायला लागले. हाक आली नाही. ई वेनने शब्द पाळला होता. माझ्या जिवात जीव आला, मी पहिला घास घेतला. गरम, मऊ, आणि बाकी काही नाही. काक बघत होती, मी दुसरा घेतला. तसाच.

यान चमचा धरून बसली होती. नवी जागा, अनोळखी बायका, तिला कुणी काही म्हटलं नव्हतं, आणि ती माझ्या वाटीकडे बघत होती, मी खाते की नाही ते बघत होती. जगातल्या कुठल्याही आईच्या तोंडून जे निघतं तेच माझ्या तोंडून निघालं.

"यान, जेव ना बाळा."

तिने मान डोलावली आणि अंड्याचा तुकडा तोंडात घातला. मी रश्श्यात कालवलेला भात उचलला. लसूण, दालचिनी, कोंबडीच्या कातडीचा तुपकट गोडवा, भाताचा आपला स्वतःचा वास. किती वर्षांनी, ते मला सांगता यायचं नाही. माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. काकने ते बघितलं आणि ती हसली, मनापासून हसली, आणि टेबलाखाली माझा गुडघा दाबला. बून हेंग घसा खाकरून म्हणाला, "आज संध्याकाळी आपल्याच घरी नेऊ या तिला. आईला मी फोन करतो."

"मम्मी," यान हळूच म्हणाली, फक्त मला ऐकू येईल अशी. "अंड्याला चव नाही."

मी तिच्याकडे बघितलं. ती शहाण्या मुलीसारखी चावत होती, गिळत होती, दुसरा तुकडा घेत होती, कारण आईने जेव म्हटलं होतं. मी आता चमचा खाली ठेवला असता तर काकचं हसू गेलं असतं, आणि यान संध्याकाळच्या बोटीने परत खाडीपलीकडे. मी ठेवला असता तर.

"खा बाळा," मी म्हटलं, "सवय होईल." आणि पुढचा घास घेतला. तो आधीच्यापेक्षाही छान लागला.