सीटखालची वायर

“गाडी बंद झाली की कॅमेरा बंद. मग तो लावून घेतलाच कशाला मी?” नर्सबाई म्हणाल्या आणि गाडीच्या दारावरचा ओरखडा त्यांनी बोटानं दाखवला. हँडलपासून मागच्या चाकापर्यंत रंग खरवडला जाऊन पत्रा दिसत होता.

नर्सबाई घरोघरी जाऊन आजारी माणसांचं बघायच्या. गाडी दिवसभर कुणा ना कुणाच्या दारात उभी. ओरखडा कुणी, कुठे काढला, काही पत्ता नव्हता.

“मागे एकानं कॅमेरा थेट गाडीच्या बॅटरीवर जोडून दिला,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्या दिवशी गाडी चालूच होईना. पेशंट इंजेक्शनसाठी ताटकळलेला आणि मी बॉनेट उघडून उभी.”

“होणारच. एका ताटात दोघं जेवायला बसवले, तर एक उपाशी उठणार.” फ्यूजकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “कॅमेऱ्याचं ताट वेगळं मांडू. सीटखाली एक छोटी बॅटरी बसवतो. गाडी चालेल तेव्हा ती भरून घेईल, गाडी थांबली की कॅमेरा तिच्यावर चालेल. गाडीच्या बॅटरीला धक्का नाही.”

“आग-बिग नाही ना लागणार?”

“चाळीस वर्षं झाली बाई. माझ्या जोडणीतून अजून ठिणगी पडलेली नाही.”

हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, आणि ते खरंही होतं. गाड्यांच्या वायरिंगचं दुकान खाली, घर वर. दुकानावर त्यांचं नाव रंगवलेलं होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर आली नव्हती. सगळे त्यांना फ्यूजकाकाच म्हणत. गेली बारा वर्षं त्यांची एकुलती लेक त्यांच्याबरोबर काम करत होती. गिऱ्हाइकं मात्र अजून तिला “काका आहेत का?” असंच विचारत.

नर्सबाई गाडी ठेवून गेल्या. संध्याकाळी न्यायला येणार होत्या.

काका कामाला लागले. उजव्या हाताची दोन बोटं हल्ली बधिर असायची, बारका स्क्रू हातातून निसटायचा. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, तरी सीटखालच्या अंधारात लाल वायर आणि तपकिरी वायर सारखीच दिसे. पण हाताला सवय होती. पूर्वी दीड तासात झालं असतं ते काम सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत चाललं. त्यांनी इंजिन अर्धा तास चालवून नवी बॅटरी थोडी भरून घेतली, गाडी बंद केली. कॅमेऱ्याचा दिवा तेवत राहिला. समाधानानं ते वर जेवायला गेले.

“आता जरा पडा,” जेवण झाल्यावर बायको म्हणाली. रोज म्हणायची. ते पडले.

चारला खाली आले तेव्हा लेक सुटे भाग आणायला गेली होती. कॅमेरा इतका वेळ चालला का, हे बघायला काकांनी त्याचं कार्ड काढून आपल्या फोनमध्ये घातलं. नर्सबाईंना दाखवायला बरं पडलं असतं. कॅमेऱ्याला दोन डोळे होते, एक रस्त्याकडे आणि एक आत सीटकडे. गाडी बंद असताना आसपास हालचाल झाली की तो चित्र घेई, आवाजासकट.

पहिल्या चित्रात ते स्वतः होते. गाडीतून उतरताना दाराची चौकट दोन्ही हातांनी धरणारे. त्यांनी ते पुढे ढकललं.

दुसऱ्या चित्रात लेक आत आली. तिनं सीट मागे सरकवायला घेतली, मध्येच थांबवली. वाकली. बराच वेळ नुसती तिची पाठ दिसत होती. मग तिनं काकांनी जोडलेली वायर उपसून काढली. गाडीकडून येणारा प्रवाह तुटला होता, पण कॅमेरा नव्या बॅटरीवर चालतच राहिला. ते तिच्या ध्यानात आलं नसावं.

तिचा फोन वाजला.

“हो आई, आजही,” ती म्हणाली. “वायर सीटच्या रुळाखाली गेलीय. बाईंनी सीट मागे घेतली असती तर चिरली असती. पेटलं असतं गं सगळं. …झोपलेत ना? अजून अर्धा तास उठू देऊ नकोस त्यांना.”

काकांनी ते पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा. रोजचं ते ‘जरा पडा’ त्यांना आता कळलं.

तिनं नवी वायर घेतली, तिच्यावर नळी चढवली, रूळ चुकवून कडेनं नेली, दर वीतभर अंतरावर पट्टी मारली. सीट तीनदा मागेपुढे करून पाहिली. ही वीतभर अंतराची सवय काकांचीच होती. काम त्यांच्यासारखंच होतं. खरं तर, त्यांच्या चांगल्या दिवसांतल्यासारखं.

पुसून टाकायला एक बटण पुरलं असतं. न पुसतासुद्धा चार दिवसांत त्यावर नवं चित्र चढलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. काकांनी कार्ड परत कॅमेऱ्यात बसवलं.

संध्याकाळी नर्सबाई आल्या तेव्हा लेक परत आलेली होती. बाईंनी गाडी बंद ठेवून कॅमेऱ्यासमोर हात हलवून पाहिला, सीट मागे घेतली, वाकून खाली बघितलं.

“वा! एक वायर लोंबत नाही. काका, तुमच्या हाताला तोड नाही हं.”



“हात माझा नाही,” काका म्हणाले. “मी केलं होतं ते चुकलं होतं. वायर रुळाखाली गेली होती. हिनं काढून पुन्हा केलंय. पुढे काही लागलं तर हिलाच विचारा.”

लेकीच्या हातातला पाना तसाच राहिला. नर्सबाईंनी दोघांकडे पाहिलं, तिचा नंबर फोनमध्ये घातला आणि गेल्या.

“तुम्ही पाहिलंत?” लेकीनं विचारलं.

“पाहिलं. ऐकलंही. कधीपासून?”

“डोळ्यांच्या ऑपरेशनच्या आधीपासून.”

“दोन वर्षं! मला सांगायचं नाही?”

“दोनदा सांगायला आले होते. एकदा तुम्ही खुशीत होतात.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा चिडलेले होतात.”

काकांना हसू आलं. मग हसू थांबलं आणि ते बराच वेळ बोटं चोळत बसले. ती शेजारी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक टेम्पोवाला आला. “काका, हॉर्न गेलाय. बघता का?”

“मॅडमना सांगा,” काकांनी लेकीकडे बोट केलं.

टेम्पोवाला घुटमळला, पण तिला सांगू लागला. ती पुढचं झाकण उघडून आत वाकली. हॉर्न तपासताना आत बसून तो दाबायला एक माणूस लागतो. हे काम दुकानात नव्यानं आलेल्याला देतात. काका दाराला धरून सावकाश वर चढले आणि चालकाच्या जागी बसले.

“दाबा,” ती झाकणामागून म्हणाली.

त्यांनी दाबला. आवाज आला नाही.

“थांबा, बाबा. मी सांगते तेव्हा.”

“बरं,” ते म्हणाले, आणि अंगठा बटणावर नुसता टेकवून तिच्या हाकेची वाट बघू लागले.