मुकादमाची माणसं

शनिवारी संध्याकाळी बाबांनी एका जाडजूड शब्दकोशाची पाठ शिवून संपवली, हातावरची खळ फडक्याला पुसली आणि कुत्र्याला म्हणाले, "मुकादम, तिला विचार, चहा मिळेल का?"

लेक स्वयंपाकघरात, आठ पावलांवर होती. "त्यांना सांग, मिळेल. साखर मिळणार नाही."

"बघितलंस मुकादम, राज्य कुणाचं चाललंय ते?"

कुत्रा मेंढ्या राखणाऱ्या जातीचा. मेंढ्या नव्हत्या म्हणून त्याने ही दोन माणसं राखायला घेतली होती. दोघं दोन खोल्यांत असली की त्याचा जीव थाऱ्यावर नसे. आधी नुसता रोखून बघायचा, मग मागून वळसा घालायचा आणि तरीही कुणी हललं नाही तर टाचेला हळूच दात लावून हाकत न्यायचा. दिवसातून दोन तास पळवला नाही तर बाइंडिंगच्या पुठ्ठ्यांचा भुगा करायचा. सकाळचा तास तिचा, संध्याकाळचा बाबांचा. नाव बाबांनीच ठेवलेलं. "स्वतः काडी हलवत नाही, पण नजर सगळ्यांवर," ते म्हणायचे.

आई गेल्यावर बापलेकीची बोलायची सवय मोडली होती. ती सवय या कुत्र्यामार्फत परत लागली. दोन वर्षांपूर्वी "ऑफिसने बदली केलीय, जागा मिळेपर्यंत राहते" असं सांगून ती इथे आली. बदली तिने स्वतः मागून घेतली होती. तुम्ही एकटे आहात म्हणून आले, असं म्हटलं असतं तर त्या ताठ माणसाने तिला आल्या पावली परत धाडलं असतं. दर महिन्याला ते न चुकता म्हणत, "मुकादम, तिला विचार, जागा मिळाली का?" आणि ती म्हणे, "सांग, बघतेय." त्यांना आपली अडचण होत असावी, असं तिला वाटायचं.

रविवारी सकाळी ती भांडी घासत असताना मुकादम आला. टाचेला नाक लावलं, मग दात.

"सांग त्यांना, येते."

तिने भांडी विसळली, ओटा पुसला. तो दारापर्यंत जाऊन परत आला आणि भुंकला. माणसं हाकताना तो कधीच भुंकत नसे.

बाबा शिवणीच्या चौकटीवर डोकं टेकून बसले होते. सुई अर्ध्या टाक्यात होती.

"दहा मिनिटं आधी कळलं असतं तरी काही फरक पडला नसता," डॉक्टर म्हणाले. दहा मिनिटांचं त्यांना तिनेच सांगितलं होतं.

त्यानंतर मुकादम तिला हाकत कामाच्या खोलीत आणून बसवायचा आणि दुसऱ्या माणसाला शोधायला निघायचा. मोरी, जिना, गच्ची. परत येऊन तिच्याकडे बघायचा. पुन्हा जायचा.

पंधरा दिवसांनी मेंढ्यांवाले काका टेम्पो घेऊन आले. मुकादम पिल्लू असताना त्यांच्याकडूनच आला होता.

"याला न्यायला आलोय, ताई. तुमच्या वडिलांना शब्द दिलाय."

"कसला शब्द?"

"गेल्या वर्षी आले होते माझ्याकडे. म्हणाले, पोरगी आज ना उद्या स्वतःच्या जागेत जाईल, तिच्या गळ्यात हे लोढणं नको. मला काही झालं तर तुम्ही न्या." काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हणाले, मी दर महिन्याला तिला जागेची आठवण करतो. नाहीतर माझ्यापायी अडकून पडायची."

मुकादम दोघांभोवती वळसा घालत होता.

"दोनशे मेंढ्या आहेत माझ्याकडे," काका म्हणाले. "याला काम लागतं, ताई. एका माणसाचा कळप कसा पुरणार त्याला?"

"पुरवीन. सकाळचा तास माझाच होता, आता संध्याकाळचाही माझा. आणि रविवारी आणते की त्याला तुमच्या मेंढ्यांवर. चालेल?"

"न चालायला काय झालं? पण तुमची जागा? तिथे कुत्रा ठेवू देतील?"

"काका, थांबा जरा. आलेच."

ती कामाच्या खोलीत गेली. चौकटीत पुस्तक तसंच होतं. ती बाबांच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"बाबा, मी जागा शोधलीच नाही. एकसुद्धा बघितली नाही. बदली मी मागून घेतली होती. मला तुमच्याजवळ राहायचं होतं."