शहाण्णव दारं

आठवडाभर किल्लीकाकांना दुसरं काही सुचत नव्हतं. बोटाच्या ठशावर उघडणारं ते बिनबॅटरीचं कुलूप एका कंपनीने नमुन्यादाखल दिलं होतं. काकांनी दुकानाच्या फळीवर ते चार वेळा खोललं, चारही वेळा जोडलं आणि एकही स्क्रू उरला नाही.

"अगं, बघ तरी. खाचा नाहीत, दात नाहीत, आणि म्हणे बोट लावलं की दार उघडतं."

"बघितलं," काकू म्हणाल्या. "जे आपलं दुकान बंद पाडणार, त्यालाच मांडीवर घेऊन बसलात. सवतच आणलीत की माझ्या उरावर."

काकूंचं काही चुकत नव्हतं. दिवसाला तीस चाव्या व्हायच्या, आता तीनसुद्धा होत नव्हत्या. पण कोपऱ्यावरच्या आठ मजली इमारतीची शहाण्णव कुलपं तरुणपणी काकांनीच बसवली होती आणि त्यांच्या जागी ही नवी यायची होती. जुनी निघणार हे तर ठरलंच होतं. ती दुसऱ्या कोणी उपटलेली मात्र त्यांना बघवली नसती. शिवाय नव्याचा मोह होताच, तो कशाला लपवा.

ही कुलपं बसवायला फिटर निवडायची कंपनीची परीक्षा त्याच इमारतीच्या तळमजल्यावर झाली. पाच उमेदवार, त्यांत काका सगळ्यांत मोठे. बाकीचे भोकं पाडत होते तोवर काकांनी कुलूप बसवून हात झटकलेसुद्धा.

"सुरेख काम, काका," कंपनीची ट्रेनर म्हणाली. पंचविशीची मुलगी. "आता अंगठा लावा. फिटरच्या ठशाशिवाय कुलूप सुरूच होत नाही."

काकांनी ऐटीत अंगठा टेकवला. लाल दिवा लागला. शर्टाला पुसून पुन्हा टेकवला. लालच. मग तर्जनी, मग करंगळी, मग दुसरा हात. दहाही बोटं झाली. मागे कोणीतरी खुदकन हसलं.

ट्रेनरने त्यांचा हात उजेडात धरला. बोटांची टोकं वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती. "काका, रेषाच नाहीत. काय काम करता या बोटांनी?"

"कानशीने चाव्या घासतो. घासली की बोट फिरवून बघतो, कुठे टोचतंय का."

पस्तीस वर्षं चावीबरोबर बोटंही घासली जात होती, हे काकांच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

"ठसा नसेल तर काम देता येत नाही," ती म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं. काकांचं तोंड एवढंसं झालं. ते हत्यारं पिशवीत भरू लागले.

"माझं नाव लिहा," दारातून आवाज आला. मी मुळीच येणार नाही, असं सकाळी बजावणाऱ्या काकू तिथे उभ्या होत्या.

"काकू, तुम्हाला बसवता येतं?" ट्रेनरने विचारलं.

"पस्तीस वर्षं यांच्यासमोर बसलेय. अडलं तर हाताखाली माणूस आहेच."

काकूंनी पदर खोचला आणि कुलूप हातात घेतलं. अर्धा तास लागला. काकांनी एकदाच तोंड उघडलं, पण काकूंनी असं काही बघितलं की त्यांनी ते मिटलं. शेवटचा स्क्रू बसला, काकूंनी अंगठा टेकवला आणि हिरवा दिवा लागला. ट्रेनरने काकूंचं नाव लिहून घेतलं आणि काकांनी जोरात टाळी वाजवली.

"सवत ओळखते हो मला," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आठव्या मजल्यावर गेली. पहिलं जुनं कुलूप काकांनी स्वतःच्या हाताने काढलं. आतल्या पट्टीवर त्यांनी खुणेसाठी मारलेला ठिपका अजून होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मग त्यांनी ते पिशवीत ठेवलं आणि नवं बसवलं. काकूंनी ठसा दिला.

"तू आत जा आणि दार लाव," काका उतावळेपणाने म्हणाले. "मला बाहेरून बघायचंय."

खटका बसला. काकांनी खांदा लावून बघितला, दार हललं नाही. सवयीने हात खिशातल्या जुडग्याकडे गेला, पण दाराला चावीचं भोकच नव्हतं. "एकदम पक्कं आहे गं," ते खुशीत म्हणाले. या इमारतीतल्या एकाही दाराने आजवर त्यांना अडवलं नव्हतं. आता त्यांनी कडेला सरकून टकटक केली.

"कोण?" आतून काकूंनी विचारलं.

"अगं, मी."

"मी कोण?"

काकांना हसू आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "तुमच्या हाताखालचा माणूस."

दार उघडलं. काकूंनी स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात ठेवला. "चला," त्या म्हणाल्या, "अजून पंच्याण्णव आहेत."