बरणीतली मोहरी

सुट्टी संपवून आखातातल्या नोकरीवर परत निघायच्या सकाळी वाल्मीकने बायकोच्या स्वयंपाकघरात भलताच उद्योग मांडला. चिमूटभर पिवळट पावडर पाण्यात टाकून रवीने घुसळली, पाणी दाटसर झाल्यावर काचेच्या बरणीत ओतलं, नासू नये म्हणून कसल्याशा औषधाचे दोन थेंब घातले आणि चमचाभर मोहरी टाकून ढवळली. मोहरी मधल्यामध्ये लटकून राहिली.

"तेलविहीर खोदताना चिखलात हेच घालतो आम्ही," तो म्हणाला. "कोबीवरचे जंतू साखरेवर पोसून बनवतात."

"शी! माझी रवी!" चंद्रभागा ओरडली.

"अगं, तिकडे सॉसमध्येसुद्धा घालतात." बरणी खिडकीत ठेवून तो हसला. "ही मोहरी तळाला लागली की मी आलोच समज. नोकरी सोडून, कायमचा."

चंद्रभागा नाशिकरोडच्या शाळेत शिक्षिका. पोरांची थाप चुटकीसरशी ओळखायची, पण नवऱ्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रोज शाळेला निघताना ती बरणीपाशी वाकायची. दिंडोरीची द्राक्षं बाजारात येऊन गेली, पुढच्या वर्षीची आली. मोहरी तसूभर हलली नाही. रविवारी चुकून दोन ताटं मांडली जायची, आणि दुसरं उचलताना तिला रडूच कोसळायचं.

ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत पत्र आलं. करार आणखी दोन वर्षांनी वाढवतोय, हे एका ओळीत. बाकी पानभर कामाचं कौतुक. 'पंप चालू असला की चिखल पातळ होऊन सरसर वाहतो. बंद पडला की लगेच दाट होतो आणि दगडाचा चुरा आहे तिथेच थांबतो, खाली बसतच नाही. त्यासाठीच तर ही पावडर.'

तिने ते दोनदा वाचलं आणि बरणीकडे पाहिलं. म्हणजे ह्यांना पहिल्यापासून माहीत होतं! राग आला, पण रागाहूनही जास्त तो आत्ता, इथे, समोर हवा होता. भांडायला का होईना.

खोटं लिहिणं तिला जमणारं नव्हतं. तिने बरणी मोरीत नेली, अर्धी ओतून दिली, नळाखाली भरली, हलवली. पुन्हा ओतली, पुन्हा भरली. तिसऱ्या खेपेला मोहरी एकेक करून खाली उतरू लागली. शेवटचा दाणा टेकेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग ओल्या हातानेच तिने कागद ओढला.

'अहो, मोहरी तळाला लागली. माझ्या डोळ्यांनी पाहिली. आता या.'